टोनही कोण, ते पडद्याला विचारा

मित्रांनो, सिनेमा तुम्ही बघता. मी सिनेमा बघणाऱ्यांना बघतो. मी एक जुना पडदा आहे. भिलाईच्या एका सेक्टरमधल्या फिल्म क्लबात माझी उभी हयात गेली.

जाड मांजरपाट शिवून, काळी किनार लावून मला घडवलं. तेव्हा माझा काय तोरा होता! मग घरोघरी टीव्ही आले आणि मी माळ्यावर पडलो. उंदरांनी माझा एक कोपरा फस्त केला. शेवटी जवळच्या मरोदा वस्तीत राहणाऱ्या चंदाने मला खाली काढलं, निळीत धुतलं, ठिगळ लावलं. तिच्या हाताची माया मी कशी विसरेन?

चंदा नागपूरकडची, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. क्लबाची झाडलोट करायची आणि घरोघरी तान्ह्या बाळांना मालिश करायची. मध्यंतरी तिच्या हातचं एक बाळ तापाने फणफणलं. बरंही झालं, पण कुणीतरी कुजबुजलं, "टोनही आहे ती." टोनही म्हणजे इकडची चेटकीण. झालं! चंदाची कामं सुटली. क्लबात नेहमी येणाऱ्या साधनाताईंनीसुद्धा नातीला तिच्या हाती देणं बंद केलं.

अशात एका रविवारी क्लबात जुना इटालियन भयपट लागला. परदेशी सिनेमा असला की साधनाताईंचे यजमान, स्टील प्लांटातून निवृत्त झालेले शामसुंदरकाका, माझ्यावर खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्याने सांगत. गोष्ट डोंगरातल्या खेड्याची. तिथली मुलं नाहीशी होऊ लागली. गावाने संशय घेतला कुणावर? मुक्या गुराख्यावर, शहरातून आलेल्या पोरीवर आणि जडीबुटी देणाऱ्या एकट्या बाईवर. काका रंगात येऊन ओरडले, "पकडा त्या टोनहीले!"

साऱ्या माना मागे वळल्या. दाराशी चंदा बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला.

पुढे सिनेमात गावाने त्या जडीबुटीवाल्या बाईचा जीव घेतला. खरा गुन्हेगार निघाला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा एक भला गृहस्थ!

दिवे लागले. एरवी चहाबरोबर चर्चा रंगते. त्या दिवशी कुणी कपालाही हात लावेना. साधनाताई नातीला कडेवर घेऊन उठल्या आणि सरळ चंदापाशी गेल्या.

"चंदा, उद्यापासून येशीन का वं मालिशले?"

"मले कावून बोलावता, बाई? लोक काय म्हणतीन?"

"त्या गावातले लोकबी म्हणतच होते. मीबी त्यायच्यातलीच झाली. चुकलं माह्यं."

आणि सगळ्यांदेखत त्यांनी नात तिच्या मांडीवर ठेवली. चंदा रडली, मग बाळाचे पाय चाचपून एकदम रागावली, "किती वाळली हो पोरगी! तेल कोण लावते इले?"

काय सांगू, मला इतका आनंद कुठल्याच सिनेमाने दिला नव्हता!

मित्रांनो, मी आता विरलो आहे. उद्या माझं पोतेरं केलंत तरी तक्रार नाही. पण तुमच्या गल्लीत कुणा एकट्या बाईला असं नाव पडलं, तर आधी तिच्याजवळ जाऊन बसा.