डोळा लागू द्यायचा नाही

आमच्या तापीकाठच्या गावात शहाण्यांची उणीव कधीच नव्हती. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का विचारत राहायचं, कानाशी थाळी बडवायची, हे शेंबडं पोरसुद्धा सांगे. त्याने दोघं-तिघं वाचलेही होते. चावलेला साप विषारी होता का, हे कोण विचारतो?

म्हणून कपाशीची गाडी उलटून माझा भाऊ सुकलाल तिच्याखाली सापडला, तेव्हाही तेच औषध निघालं. रक्त फारसं दिसत नव्हतं, पण पोट फुगून टणक झालं होतं. चुलतभाऊ चुनीलालने शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी जुंपली. वत्सलाभाभी नवऱ्याच्या उशाशी बसली, मी पायथ्याशी.

"डोया लागनात तं मानूस गया," चुनीलालने भाभीला बजावलं आणि पाल्याची मूठ तिच्या हातात दिली.

भाभीचा भाऊवर भारी जीव. आमच्यात असं कुणी तोंडाने बोलत नाही, पण मी बोलते. त्याचे डोळे मिटू लागले की ती त्याला हलवी, चिमटे काढी, तोंडात पाला कोंबी. "कडू लागस का? बोला ना," म्हणे. थाळी मी वाजवत होते.

"माले झोपू दे वं," भाऊ म्हणाला. "थोडीच येळ."

"नही. जागा ऱ्हावा."

मग त्याने हात जोडले. सात वर्षांच्या संसारात बायकोपुढे कधी हात न जोडलेला माणूस. भाभीने रडत रडत त्याच्या गालावर चापट मारली. गोमाई नदी ओलांडताना तो उघड्या डोळ्यांनीच गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आत रक्त वाहत होतं. जागं ठेवून कुणी वाचत नाही, बाई."

"मंग झोपू दिधं असतं तं?" भाभीने विचारलं.

"तरी गेले असते. तेवढा त्रास मात्र वाचला असता."

मला त्या डॉक्टरांचा फार राग आला. एक खोटं बोलले असते तर त्यांचं काय जात होतं?

परतलो तेव्हा माय, रुक्मिणीबाई, दारातच होती. तिने भाऊच्या तोंडावरचं धोतर बाजूला केलं आणि भाभीकडे वळली. "तू त्याले झोपू दिधं. म्हनीसन गया मन्हा पोऱ्या."

मी खरं सांगायला पुढे झाले. भाभीने माझं मनगट घट्ट धरलं.

"हां, माय," ती म्हणाली. "झोप लागी गयथी त्यासले."

माय मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मी भाभीला एकदा विचारलं, का गं हा आळ डोक्यावर घेतलास? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मायले तरी वाटू दे, पोऱ्या झोपमा गया."