न भागणारी नात

आमाचे सासरे ओडुरो सर घानातल्या कुमासीच्या कॉलेजात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण त्यांचं गणित काही निवृत्त झालं नव्हतं. नात जन्मली अकरा फेब्रुवारी दोन हजार अकराला. सरांनी तारीख सलग लिहिली, ११०२२०११, आणि खुर्चीतून उठलेच. उलटी वाचा, सुलटी वाचा, सारखीच. मग खोलीत कोंडून घेऊन त्यांनी निकाल लावला की ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कुणाच्या बापाला भागायची नाही.

इथवर कुणाची ना नव्हती. पण आठव्या दिवशी नाव ठेवायचा मान बापाच्या घरचा. सरांनी जाहीर केलं की अशा पोरीला त्यांच्या आत्याचंच नाव शोभेल, फ्रेम्पोमा. ही आत्या जन्मात कुणापुढे वाकली नाही. आमाच्या लग्नात फुफूच्या उकडीत गुठळ्या आहेत म्हणून जेवणावरून उठली होती. शुक्रवारी जन्मलेली म्हणून रीतीप्रमाणे पोर आफुआ होणारच होती, पण त्यापुढे आमाला हवं होतं दुफिए. लोकांचे कपडे शिवून तिला एकटीने वाढवणाऱ्या, गेल्याच वर्षी वारलेल्या आईचं नाव.

सुनेने तोंड वर करून मागायची रीत नव्हती. पण आमा सरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने गरीब गायीसारखं विचारलं, "बाबा, समजा भागली गेली तर?"

"तर तुझ्या आईचं नाव ठेवीन," सर हसले. "सतरापासून पुढचे सगळे मूळ भाजक घासून पाहिलेत, पोरी. त्याखालचे काय, नुसत्या डोळ्यांनी दिसतात."

आमाने मान खाली घातली, कारण हसू आवरेना. तिने आधीच एकाआड एक अंक मिळवून पाहिले होते. इकडे चार, तिकडे चार. म्हणजे अकराने निःशेष. पुढे भागत गेली तर सात, अकरा, तेरा हेच पुन्हा पुन्हा, सतरा किंवा त्यापुढचा एकही मूळ भाजक नाही. सरांनी चोरासाठी गावभर गस्त घातली होती आणि घराचं दार तेवढं उघडं ठेवलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी अंगण भरलं. सरांनी नात मांडीवर घेतली, आणि पोरीने जन्मभर खरं तेच बोलावं म्हणून रीतीप्रमाणे पाण्यात बोट बुडवून तिच्या जिभेला लावलं. "पाणी म्हणशील तर पाणीच असू दे." मग बोट दारूत बुडवलं. तेवढ्यात दुपटं सावरायच्या निमित्ताने आमा वाकली आणि पुटपुटली, "बाबा, अकराने भागून बघा."

बोट तसंच राहिलं. ओठ हलले. मग सरांचा चेहरा उतरला. अंगणात हे कळणारं तिसरं कुणी नव्हतं, ते गप्प बसले असते तर फ्रेम्पोमा पक्की होती.

म्हाताऱ्याने थेंब नातीच्या जिभेवर टेकवला. "दारू म्हणशील तर दारूच असू दे," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आजोबा चुकला म्हणशील तर चुकलाच असू दे. आफुआ दुफिए."

उरलेला पेला त्यांनी एका घोटात संपवला. आईचं नाव सगळ्या अंगणाने एकदम घेतलं, आणि आमाचं इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू रडू होऊन बाहेर आलं.