लेसर बंद, ज्वाला चालू

प्रयोगशाळेत काम आवरायची रीत ठरलेली होती: आधी गॅस बंद, मग लेसर. आगीला एकटं सोडायचं नाही, असं मामा म्हणायचे. मामा खरं तर कुणाचेच मामा नव्हते. वीस वर्षं बर्नर सांभाळणारे तंत्रज्ञ, म्हणून सगळ्यांचे झाले होते. ज्वालेत बारीक तार धरून ते तापमान घ्यायचे आणि तिथं लेसरनं तापमान मोजणाऱ्या तरुण संशोधिकेची मनसोक्त टिंगल करायचे. लांबून बघून काय कळतं, म्हणे.

कळायचं. लेसरचा किरण ज्वालेतून गेला की तिथल्या वायूमुळे थोडा प्रकाश विखुरतो. वायू जितका गरम तितका विरळ, म्हणून प्रकाशही कमी. कॅमेरा तो मोजतो. तिचा आकडा आला पंधराशे अठ्ठ्याऐंशी अंश, तारेचा पंधराशे नव्वद. मामा आठवडाभर छाती काढून फिरले. घरं गरम करणारा हा बर्नर सोळाशेच्या आत राहिला तर कारखान्यात जायला मोकळा. त्यापुढे विषारी वायू वाढतात. अहवाल उद्या सकाळी जाणार होता.

दुपारी पाळणाघरातून फोन आला, लेक बाटली तोंडात धरेना. घाईघाईत तिनं लेसरच आधी बंद केला, पर्स उचलली, आणि नजर कॅमेऱ्याच्या पडद्यावर गेली. लेसर बंद होता, तरी पडदा काळा नव्हता. ज्वालेचा स्वतःचा उजेड तिथं मंद पसरला होता.

तिनं पर्स खाली ठेवली. फालतू उजेड ती रोज वजा करायची, पण तो गॅस बंद असताना मोजलेला. ज्वालेचा उजेड लेसरच्या उजेडात मिसळत राहिला, वायू दाट भासला आणि ज्वाला होती त्याहून थंड ठरली. तापलेली तारही उष्णता बाहेर टाकत कमीच दाखवते, हे तिनं कितीदा वाचलेलं. आकडे जुळल्यावर कुणाला आठवतंय?

गप्प बसावं, असं क्षणभर वाटलंही. पण ज्या घरात हा बर्नर लागेल तिथंही कुणाची तरी लेक झोपणार होती. तिनं नणंदेला फोन करून पाळणाघरात धाडलं आणि मामांना हाक मारली.

"मामा, आपण दोघंही चुकलोय. आणि एकाच बाजूला."

तिचं सगळं ऐकून मामांनी तार बर्नरशेजारी ठेवली.

"वीस वर्षं?"

"तार टाकून नाही द्यायची. किती कमी दाखवते ते काढता येतं."

मामांनी गॅसचा दाब बघितला. तिनं आधी नुसती ज्वाला मोजली, मग लेसरसकट, आणि वजाबाकी केली. सोळाशे पंच्याऐंशी. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना तिनंच फोन लावला. त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, थोडे चिडले, आणि अहवाल थांबवला.

ती निघाली तेव्हा मामा जुनी वही मांडीवर घेऊन बसले होते.

"गेल्या वर्षीचे दोन बर्नर असेच काठावर पास झालेत," ते म्हणाले. "माझ्या तारेवर. उद्या लवकर ये. आत्ता लेकीकडे जा."