बहिणीला दिलेला क्लू

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरचं शब्दकोडं ताई तयार करायची. जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरायचा, शब्दकोश शेजारी ठेवायचा आणि आडवे-उभे शब्द एकमेकांत अडकवत बसायचं, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. कोड्याखाली बारीक अक्षरात तिचं नाव यायचं. घरात दुसरं कुणी ते वाचत नसे, पण ती दर आठवड्याला वाचायची.

तिची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली कामाला होती. एका दुपारी पेशंट नव्हते, म्हणून तिनं बसल्या बसल्या एक कोडं रचलं आणि गंमत म्हणून पाठवून दिलं. ते छापून आलं. त्यात एक क्लू होता, 'दुखेपर्यंत जिची आठवण येत नाही'. उत्तर, दाढ. वाचक बेहद्द खूश झाले. संपादकांनी ताईला फोन केला. "बहिणीला कोड्यांचं काय अंग आहे हो तुमच्या! आता एक आठवडा तुमचं कोडं, एक आठवडा तिचं."

"अरे वा, छानच की," ताई म्हणाली. फोन ठेवला आणि चहा गोडमिट्ट झालाय म्हणून नवऱ्यावर उखडली. चहा तिनंच केला होता.

त्यानंतर तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. धाकटीचं कोडं आलं की ती पेन्सिल घेऊन बसायची. सोडवायला नव्हे, चूक काढायला. चूक सापडली नाही की तिचा सगळा दिवस कडू जायचा. शेजारीण जिन्यात म्हणाली, "बहिणीचं कोडं सोडवताना किती हसलो आम्ही!" तेव्हा ताईनं हातातली पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. आपलं कोडं सोडवताना कुणी हसलं नव्हतं.

अशात धाकटीचा फोन आला. दवाखान्यात येणारी एक पेशंट विद्यापीठात मानसशास्त्रात संशोधन करत होती आणि तिला एका प्रयोगासाठी जोडीनं येणारी माणसं हवी होती. "चल ना ताई, शब्दांचाच खेळ आहे. तू तर एका फटक्यात सगळ्यांना गार करशील."

ताई गेली. तिथं शब्दात धाकटीला मागं टाकता येईल, हाच तिचा खरा हिशेब होता.

खोलीत चार खुर्च्या होत्या. या दोघी, आणि दुसरी जोडी म्हणजे एक बसचालक व त्याचा मेहुणा. संशोधक मुलीनं खेळ समजावला. एकानं बाकीच्यांकडे पाठ करून बसायचं आणि शब्द ओळखायचा. बाकीच्यांना त्या शब्दाचे क्लू लिहिलेली कार्डं मिळतील, अगदी सोप्यापासून महाकठीणापर्यंत. त्यातलं एक प्रत्येकानं निवडून द्यायचं. कुणी कुठलं दिलं ते गुप्त. "माणसाची भाषेची समज किती, हे यातून कळतं," ती म्हणाली.

बसचालकाच्या वेळी शब्द होता 'उंबरठा'. ताईनं कार्ड दिलं, 'घरात शिरताना हा ओलांडतात'. त्यानं चटकन ओळखला आणि पोरासारखा खुलला. ताईलाही बरं वाटलं.

मग धाकटी पाठ करून बसली. शब्द होता 'कात्री'. ताईसमोर एक कार्ड होतं, 'शिंप्याच्या हातात असते'. सगळ्यात खाली दुसरं होतं, 'दोघी जवळ आल्या की तिसऱ्याचे दोन'. तिचा हात पहिल्यावरून सरकला आणि शेवटच्यावर थांबला. धाकटी हुशार आहे, सोपं दिलं तर तिचाच अपमान होईल, असं तिनं मनाशी म्हटलं.

"दोघी जवळ... सवती?" धाकटी म्हणाली. सगळे हसले. ताई जरा जास्तच हसली.

आणखी काही फेऱ्या होऊन खेळ संपल्यावर संशोधक मुलगी म्हणाली, "आता खरं सांगते. ओळखणाऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. कोण कुणाला कसला क्लू देतं, ते मी बघत होते. असे प्रयोग पूर्वीही झालेत. खेळ नुसता खेळ असला, तर माणसं परक्यापेक्षा आपल्या माणसाला जास्त मदत करतात. पण ती गोष्ट स्वतःच्या जिव्हाळ्याची असली की उलटं होतं. परक्याला सोपे क्लू मिळतात, आपल्या माणसाला अवघड. परका पुढं गेला तर फारसं लागत नाही, आपलं माणूस गेलं तर लागतं."

ताईचे कान तापले. पण तिला भलतंच काही जाणून घ्यायचं होतं. "माझ्या बहिणीनं मला कसले दिले?"

"त्यांची हरकत नसेल तर सांगते."

"सांगा की!" धाकटी म्हणाली.

"सगळे सोपे."

"आणि ताईनं मला?"

संशोधक मुलीनं ताईकडे पाहिलं. ताईच म्हणाली, "अवघड. निवडून निवडून अवघड."

"तरीच!" धाकटी खदखदून हसली. "कात्री कोण ओळखणार होतं गं!"

ते हसणं ताईच्या जिव्हारी लागलं. धाकटीनं राग धरला असता तर परवडलं असतं. पण तिनं सोपे क्लू दिले होते, म्हणजे तिचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. आपण ज्यासाठी जळून कोळसा होतोय, ते हिला रिकाम्या दुपारचं खेळणं!

बसस्टॉपवर तिचा बांध फुटला. "तुझं कोडं आलं की मला अन्न गोड लागत नाही. तुला मात्र त्याचं काहीच नाही."

धाकटीचं हसू मावळलं. "कोड्याचं नाही," ती म्हणाली. "आईचं आहे."

"आईचं काय?"

"माझ्याकडे इतकी वर्षं होती. मग म्हणाली, आता थोरलीकडे राहते. आनंदानं बॅग भरली तिनं. तुझ्याकडे आल्यावर तिची मान दुखायला लागली ना? तू मला फोन करून विचारलंस."

"तू म्हणालीस, वयाचं दुखणं आहे."

"तिला उशी चालत नाही. जुनी मऊ चादर गुंडाळून मानेखाली द्यावी लागते. मला माहीत होतं." धाकटी म्हणाली. "वाटलं, दुखू दे जरा. माझी आठवण येईल तिला."

ताईला संताप आला. आई महिनोन्‌महिने मान धरून बसत होती! पण संतापाच्या खाली काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं हललं. हिलाही माझा हेवा वाटतो तर. त्या आनंदाची तिला लाज वाटली, तरी तो जाईना.

"अशी कशी गं तू?" ती म्हणाली.

"तुझीच बहीण," धाकटी म्हणाली. बस आली. दोघी एकाच बाकावर बसल्या. उतरताना धाकटीनं ताईचा पदर दारात अडकला होता तो सोडवला.

घरी आल्या आल्या ताईनं कपाटातून धुऊन धुऊन मऊ झालेली चादर काढली, घट्ट गुंडाळली आणि आईच्या मानेखाली सरकवली. आईनं मान इकडून तिकडं फिरवली आणि सुखानं डोळे मिटले.

"हे कुणी सांगितलं तुला?"

'माझं मलाच सुचलं' हे शब्द ताईच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

"धाकटीनं."

"वाटलंच," आई डोळे न उघडता म्हणाली. "तिला बरोबर कळतं माझं."

ताईनं उशी उचलली, पोटाशी धरली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पलंगावर जोरात आपटली. मग तिनं धाकटीला फोन लावला.

"झोपली का गं ती?" धाकटीनं विचारलं.

"झोपली," ताई म्हणाली. "आणखी काय काय लपवून ठेवलंयस, ते आता सरळ सरळ सांग."