डोळ्याला टिपूस नाही

आई गेली तेव्हा श्यामला पहिलं वाक्य बोलली ते असं: "आधी तो आवाज बंद करा."

आयसीयूतल्या मॉनिटरचा एकसुरी सूर चालूच राहिला होता. नर्स डॉक्टरांना बोलवायला गेली होती. थोरला भाऊ शौनक आईच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता आणि नम्रतावहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. श्यामलाच्या डोक्यातून मात्र तो आवाज दाभणासारखा आरपार जात होता. तिला आईकडे शेवटचं नीट बघायचं होतं आणि त्या आवाजात तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. म्हणून ती बोलली, आणि जरा मोठ्यानेच बोलली. शौनकने मान वर करून तिच्याकडे कसं बघितलं, त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. नातेवाइकांना तो संध्याकाळपर्यंत लागला होता.

"आई गेली आणि ही मशीन बंद करा म्हणते," तेराव्याच्या दिवशी मुक्तामावशी स्वयंपाकघरात म्हणाली. मुक्तामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. "इतके दिवस बघतेय, डोळ्याला टिपूस नाही. दगड आहे नुसता."

श्यामला दाराशी ताटं घेऊन उभी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिला नेहमीच सगळं ऐकू यायचं, तीच तर अडचण होती.

कसबा पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आईला अर्धांगवायू झाल्यापासून तिची आंघोळ, तिची औषधं, तिला कुशीवर वळवणं, सगळं श्यामलाने केलं होतं. दुपारपुरती एक बाई असे. बाकी हिंजवडीचं ऑफिस, तिथली सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांची टीम आणि आई, हेच तिचं जग. शौनक बाणेरला राहायचा. रविवारी फळं घेऊन यायचा, आईचा हात हातात धरायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. ते सगळ्यांना दिसायचं. कुशीवर वळवणं कुणाला दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसात केबिनी पाडून सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं, तेव्हा श्यामला आजारी पडल्यासारखी झाली. झोप उडाली, जेवण जाईना. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेली आणि चार-पाच भेटींनंतर वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तिला कळलं, की तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, हे तिने घरी येऊन वाचलं आणि तिला खरोखर हसू आलं. स्वमग्न म्हणे! स्वतःत मग्न व्हायला तिला सवड कधी मिळाली होती? जन्मभर ती दुसऱ्यांचे चेहरे पाठ करत आली होती. कुठे हसायचं, किती हसायचं, समोरचा 'या एकदा घरी' म्हणाला तर जायचं नसतं, हे सगळं ती शाळेतल्या पाढ्यांसारखं घोकत आली होती.

तिने फक्त आईला सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग वाकड्या झालेल्या ओठांनी सावकाश म्हणाली, "म्हणजे तुझे बाबाही तसेच होते की गं. उगाच भांडले मी त्यांच्याशी."

तेराव्यानंतर दोन दिवसांनी श्यामला बाणेरला गेली आणि शौनकला, वहिनीला सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातल्या त्या वाक्याचा खुलासा करायचा होता, एवढंच. भावाने आपल्याला दगड समजू नये असं तिला वाटत होतं.

"अगं बाई, म्हणून होय!" नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आम्ही उगाच मनाला लावून घेतलं."

शौनकने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने असं पूर्वी कधी केलं नव्हतं. घरी परतताना श्यामलाला इतकं हलकं वाटत होतं, की ती रिक्षा सोडून मंडईपासून चालत आली.

दुसऱ्याच दिवशी शौनकने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की आपली श्यामा स्पेशल आहे, सगळ्यांनी तिला सांभाळून घ्यायचंय. खाली हात जोडलेली, फुलं वाहिलेली उत्तरं आली. तिला दगड म्हणणाऱ्या मुक्तामावशीने 'देवाचं लेकरू' असं लिहिलं. मग फोन सुरू झाले. गॅस बंद केलास ना, रस्ता नीट ओलांडतेस ना. वहिनी तिच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. गणपतीत श्यामला बाणेरला गेली, तर तिचं पान मुलांच्या पंगतीत मांडलेलं. "मोठ्यांच्या गोंगाटाचा तुला त्रास होतो ना," वहिनी म्हणाली. मुलांची पंगत किती गोंगाट करते, हे तिच्या ध्यानात आलं नसावं. श्यामला जेवली आणि निघून आली.

हे सगळं तिने सोसलं असतं, कारण घरी आईचं कपाट होतं.

रोज कंपनीच्या बसमधून उतरून ती घरी आली, की पर्स ठेवायची, पंखा बंद करायची आणि कपाट उघडून आईच्या सुती साड्यांत तोंड खुपसून उभी राहायची. आई घड्यांमध्ये चंदनी साबणाचे कागद ठेवायची. तो वास, त्यात निलगिरीचा, औषधी तेलाचा, आईच्या मानेचा. तिचं रडणं तिथे व्हायचं. चांगलं हमसून व्हायचं. फक्त बघायला कुणी नसायचं.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी ती घरी आली, तर दार उघडंच. आईच्या आजारपणात वहिनीकडे एक किल्ली दिली होती, ती परत मागायची राहिली होती. कपाट सताड उघडं होतं, आतले कप्पे ओल्या फडक्याने पुसलेले, आणि त्यात श्यामलाचे कुडते ओळीने लावलेले.

"बघ, किती मोकळं झालं!" वहिनी हात पुसत म्हणाली. "साड्या सगळ्यांना वाटून टाकल्या. आईंची आठवण म्हणून प्रत्येकीला एक."

"मला विचारलं नाहीस."

"अगं, तुला कशाला त्रास? आणि तुला तसं काही वाटत नाही ना, म्हणून म्हटलं आपणच उरकू."

श्यामला किंचाळली. आपल्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे तिलाच ठाऊक नव्हतं. कुडते ओढून तिने जमिनीवर टाकले आणि रिकाम्या कप्प्यावर दोन्ही हातांनी थापा मारत राहिली.

वहिनी दोन पावलं मागे सरली आणि तिने फोन लावला. "हो, झालंय तिला. ते वाचलं होतं ना आपण, तसंच अगदी. थांबा, स्पीकरवर टाकते."

"श्यामा," फोनमधून शौनकचा आवाज आला, "खोल श्वास घे बरं. घेतलास? गुड गर्ल."

"मला काही झालेलं नाही," श्यामला म्हणाली. "मला राग आलाय. आईच्या साड्या होत्या त्या. माझ्या आईच्या."

"हो हो, राग आलाय. बरोबर आहे," वहिनी म्हणाली. "पाणी देऊ?"

तेव्हा तिला लख्ख कळलं. सांगण्याआधी ती वाईट माणूस होती, पण माणूस तरी होती. लोक तिच्यावर चिडायचे, तिच्याशी भांडायचे. आता तिच्याशी कुणी भांडणारसुद्धा नव्हतं. गप्प राहिली तर तो ऑटिझम, ओरडली तरी तो ऑटिझम. तिचा राग तिचा राहिला नव्हता आणि तिचं दुःख तर कुणी हिशेबात धरलंच नव्हतं.

तिने किल्ली मागून घेतली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला बोलावून लॅच बदललं. ग्रुप सोडला. मग एकेकीला फोन करून साड्या परत मागितल्या. एकीने कामवालीला दिली होती. एकीने उशांचे अभ्रे शिवले होते. बाकीच्या 'बघते हं, राणी' म्हणाल्या आणि त्यांनी शौनकला फोन केला. त्यावर शौनकने श्यामलाला लांबलचक मेसेज पाठवला, की तू एकटी राहावंस का याचा विचार करायला हवा, डॉक्टरांशी मी बोलतो. तिने दोनच शब्द लिहिले: बोलू नकोस. त्यानंतर दिवाळी आली. भाऊबीजेला ती ऑफिसात होती.

मुक्तामावशी तेवढी साडी घेऊन स्वतः आली. राखाडी काठाची, आई रोज नेसायची त्यांतली. श्यामलाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मावशीसमोरच नाकाशी नेली.

"ड्रायक्लीन करून आणलीय," मावशी कौतुकाने म्हणाली. "फार तेलकट वास येत होता गं. आता कशी छान कोरी!"

रॉकेलासारखा एक कोरडा वास होता, बाकी काही नाही. कपाटापाशी फुटलेली ती किंचाळी पुन्हा वर आली. ती बाहेर पडली तर लोक तिला काय म्हणतील, हे श्यामलाला माहीत होतं. तिने पाठ केलेलं हसू काढलं आणि म्हणाली, "थँक्यू, मावशी."

मावशी खूश झाली. तिने श्यामलाच्या गालावर हात फिरवला आणि निघाली. श्यामला साडी हातात घेऊन दारातच उभी राहिली. जिन्यात मावशी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अगं, अगदी नीट वागली हो. न सांगता थँक्यूसुद्धा म्हणाली."