धनीबाईंच्या पोलक्याचा फर्मा

मी एक जुना फर्मा आहे. फर्मा म्हणजे पोलकं कापण्यासाठी केलेला कागदी साचा. मित्रांनो, आईबरोबर तुम्ही कधी शिंप्याकडे गेला असाल, तर खिळ्याला टांगलेले माझे भाऊबंद पाहिले असतील. पाठ, पुढचा भाग, बाही, पट्टी असे माझे जाड खाकी कागदाचे तुकडे आहेत. आम्हाला कापडावर ठेवतात, खडूने भोवती रेघ मारतात आणि मग कात्री चालवतात.

माझा जन्म शहरातल्या एका कारखान्यात झाला. यंत्राने एका दाबात आमचा गठ्ठाच्या गठ्ठा कापला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला आणि वर एका हसऱ्या बाईचा फोटो लावला. त्या बाईला मी कधी भेटलो नाही. पिशवीवर छातीचं माप होतं, बाहीची लांबी होती, कापड किती लागेल तेही होतं. पण पोलकं घालणार कोण, हे काही कुठे छापलेलं नव्हतं. मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं! अंगावर चढायचं भाग्य कागदाच्या नशिबी नसतं, म्हणून ही खोड मला पहिल्यापासून लागली असावी.

तिथून मी रिसोडला लतीफाआपांच्या दुकानात आलो. अस्तर, लेस, दोरे, हूक आणि आम्ही फर्मे, असा त्यांचा संसार. गिऱ्हाइकं फोटोवर भाळायची. कुणी अंगातल्या तयार कुर्तीचा नंबर सांगायची आणि फर्माही त्याच नंबरचा मागायची. मग आपा गळ्यातली टेप काढायच्या. "रेडीमेडचा नंबर सोड, बेटा. टेप काय म्हनते ते आयक."

एके दिवशी केनवडजवळच्या तांड्यावरून रीता आली. मोबाइलवर बघून बघून ती शिवण शिकली होती. तिच्या पिशवीत आईची लग्नातली काचळी होती. काचळी म्हणजे बंजारा बायकांची चोळी. तिची पाठ उघडी असते, ती मागे नाड्यांनी बांधतात, आणि पुढे आरसे न् रंगीत दोऱ्यांची भरगच्च कशिदाकारी असते. कापड विरलं होतं, आरसे मात्र लखलखत होते. "हे पुढचं भरतकाम नव्या पोलक्यावर बसवाचं हाय, आपा. मधून कापलं नाही गेलं पायजे."

आपांनी मला तिच्यापुढे ठेवलं. माझा पुढचा भाग अखंड होता, मधे कुठे जोड नसलेला. "पन याचे हूक मांगून येतेत बरं. चालन का तुह्या आईले?"

"आमच्यात मांगूनच बांधतेत," रीता चटकन म्हणाली.

मी खूश! अखेर मला कुणीतरी निवडलं होतं.

घरी पोचलो आणि दुसऱ्या सकाळी माझी खुशी पार उतरली. धनीबाई, म्हणजे रीताची आई, लेकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि रीताने त्यांच्या रोजच्या काचळीच्या नाड्या बांधल्या. धनीबाईंचा उजवा खांदा आखडला होता. हात मागे जातच नव्हता. वडील बाबूसिंग आणि भाऊ किशन ऊसतोडीला गेलेले. रीताला वाशिमला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. ती गेल्यावर नाड्या कोण बांधणार? रोज सकाळी शेजारणीच्या दारात पाठ करून उभं राहणं धनीबाईंना मान्य नव्हतं. त्यांना आपल्या हाताने घालता यावं, म्हणून तर हे नवं पोलकं!

आणि फर्मा कोणता आणला? मागून हूकवाला. मित्रांनो, तुम्ही हसाल. पण जन्मापासून ज्या घरात सगळ्या बायका मागेच बांधतात, तिथे पुढून उघडणारं पोलकं डोक्यात येणार कुठून? शिवाय रीताचा सगळा जीव त्या आरशांत अडकला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण कागदाला कुठलं तोंड!

रीताने पोलकं फार सुरेख शिवलं. धनीबाईंनी ते घातलं, आरसे चमकले, आणि त्या लाजून हसल्या. मग हूक लावायला त्यांनी हात मागे नेला. तो कमरेपाशीच अडला.

रीताने कपाळावर हात मारला. "मले हे काहून नाही सुचलं, याडी?"

बंजारा लेकरं आईला याडी म्हणतात. धनीबाईंनी पुढच्या कशिद्यावर बोट फिरवलं. "इथून उघडलं तर?"

"तुह्या लग्नातलं हाय हे! मी नाही कापत. त्यापरीस मी नर्सिंगच सोडतो."

"टाके म्याच टाकले व्हते. कापतो बी मीच." धनीबाईंनी पोलकं उतरवून मांडीवर घेतलं, डाव्या हाताने कात्री उचलली. "आरसे मले कपडे घालून देनार हायेत का? तू जाय वाशिमले."

आरशांच्या दोन ओळींमधून कात्री हळूहळू खाली गेली. एकही आरसा फुटला नाही. रीता तोंड फिरवून उभी होती. नंतर तिने कापलेल्या कडांना पट्ट्या लावल्या, पुढे हूक बसवले, मागची बाजू शिवून बंद केली. पुढच्या वेळी चूक नको म्हणून माझाही पुढचा भाग मधोमध कापला आणि हूकपट्टीसाठी कागद चिकटवला. दुखलं का म्हणाल, तर आता पुढे काय होतं याचंच मला जास्त कुतूहल होतं.

धनीबाईंनी आखडलेला हात आधी बाहीत घातला, मग दुसरा. एकेक हूक आपल्या हाताने लावला. सवयीने रीताचे हात त्यांच्या पाठीशी गेले होते. तिथे काही कामच नव्हतं. रीता हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"आता कायले रडून राह्यली?"

"माह्याजोगं काही उरलंच नाही."

धनीबाईंनी तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मांगं एक नाडी लावून दे. कामाची नोको, नुसतीच. सुटीत येशील तवा तू बांध."

मित्रांनो, फर्मा निवडताना फोटो जरूर पाहा, टेपही लावा. पण घालणाऱ्याचा हात कुठवर पोचतो, हे एकदा त्यालाच विचारा. आणि काम झाल्यावर आम्हाला चुरगळून चुलीत घालू नका. आम्ही अजून कुणाकुणाच्या उपयोगी पडतो.

मी सध्या धनीबाईंच्या घरी खिळ्याला टांगलेला असतो. रीता वाशिमला शिकते आहे. धनीबाई रोज सकाळी आपले हूक आपण लावतात. पाठीवरची नाडी मोकळी लोंबताना पाहून शेजारणी बांधायला पुढे येतात. धनीबाई कुणालाच ती बांधू देत नाहीत.