बाहीतलं पाणी

मी अत्तराची बाटली बोलतेय. माझा जन्म फ्रान्समधल्या एका काचभट्टीतला. एका श्रीमंत बाईनं मला वापरलं, कंटाळली, आणि पुण्य लागावं म्हणून दूर समुद्रातल्या बेटांवर धर्मप्रसाराला निघालेल्या फादर गास्पारना देऊन टाकलं. स्वतःला नको झालेलं दान करायची माणसांची सवय मला तिथेच कळली.

बेटावर फादरांनी मला चांगल्याच कामाला लावलं. एखादं लेकरू मरायला टेकलं की ते गोड हसत त्याच्या घरी जात. "थोडा सुगंध लावतो हं," म्हणत माझे दोन थेंब कपाळाला चोळत. आई माझ्याकडे बघत असे. तेवढ्यात बाहीतल्या दुसऱ्या कुपीतलं साधं पाणी डोक्यावर ओतून, ओठांतल्या ओठांत मंत्र पुटपुटून ते लेकराला ख्रिस्ती करून टाकत. धडधाकट मुलांकडे ते फिरकतही नसत. ती मोठी होऊन धर्म सोडतील, ही भीती! मरणारं लेकरू कसं, हक्काचं.

लोकांना दिसलं ते एवढंच: हा वास आला की घरात मूल मरतं. माझ्या वासानं बाया लेकरं उचलून पळू लागल्या.

मग बेटावरच्या टाउवाका नावाच्या माणसाचा तान्हा मुलगा मोए तापानं फणफणला. फादरांनी टाउवाकाला लाल कापड देऊन होकार मिळवला आणि मला उघडलं. इतक्यात दारात टाउवाकाची थोरली बहीण सिकुपो उभी राहिली.

"कुणाला विचारलंस रे, झगेवाल्या?"

"मुलाच्या बापाला."

चटईवरच्या बाया फिस्सकन हसल्या. चार वर्षं इथे राहून या शहाण्याला एवढंही कळलं नव्हतं, की मुलावर शब्द चालतो तो आत्याचा.

"बापाला काय विचारतोस? थोरल्या बहिणीचा मान म्हणून तो माझ्यापुढे बसून जेवतसुद्धा नाही. आण, आधी तुझ्या डोक्यावर ओत."

फादरांनी हसत मला टाळूवर उपडं केलं.

"ही नव्हे. बाहीतली. शेजारच्या लेकराच्या वेळी बघितलीय मी ती."

फादरांचा चेहरा पडला. "ते... ते नुसतं पाणी आहे, बाई."

"नुसतं पाणी, मग चोरून कशाला?"

झगा सावरत फादर निघाले, ते मला चटईवरच विसरून.

सिकुपोनं चार दिवस मोएला मांडीवरून खाली ठेवलं नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, शहाळ्याचं पाणी थेंबथेंब पाजलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. त्या रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं म्हणे, की आपल्या प्रार्थनेनंच मूल वाचलं. सांगोत बापडे. ऐकायला तिघंच होते, त्यातला एक झोपला होता.

आता माझ्यात खोबरेल असतं. सिकुपो ते मोएच्या टाळूवर जिरवते. त्याला खालचा दात येतोय, म्हणून तो माझा गळा चावत बसतो.

फादर मला मागायला आले, तर देऊ नका हो. जाणाऱ्या कितीतरी लेकरांच्या कपाळाला मी लागले. हे एक जगलेलं माझ्या वाट्याला आलंय, तेवढं राहू द्या.